गुरांस नवें खाद्य अंगवळणीं पाडण्याची रीत

साखर, तेल, डाळ इत्यादींच्या कारखान्यांतून मुख्य माल निघाल्यावर जो शेष उरतो, त्यांत गुरांच्या उपयोगाचें पुष्कळ सत्त्व असतें. उसाची मळी, म्हणजे साखर काढून उरलेला दाट काळा पाक, सरकीची पेंड, तुरीची चुनी, गव्हाचा कोंडा व बिअरच्या कारखान्यांतील बार्लीचा ओला चोथा हे त्यांतील ठळक पदार्थ होत. वैरण महागली म्हणजे शेतकऱ्याची दृष्टि साहजिकच यांकडे वळते. परंतु गाय नवा पदार्थ हुंगून तोंड फिरविते. मग एक तर तो उकिरड्यावर जातो, किंवा भुकेल्या जनावरास तोच एकदम पोटभर घातला जातो. पहिल्यांत पैशाचें नुकसान आहे, दुसऱ्यांत जनावराच्या जिवास धोका आहे.

याचें कारण असें कीं, गाईच्या पहिल्या मोठ्या पोटांत असंख्य सूक्ष्म जंतु वैरण आंबवून पचवितात. ते नित्याच्या खाद्यास सरावलेले असतात. नव्याशीं त्यांचा मेळ बसण्यास दोन-तीन आठवडे लागतात. गोड अथवा पिठूळ पदार्थ एकाएकीं पुष्कळ पोटांत गेल्यास आम्ल वाढतें, जनावर रवंथ करीनासें होतें व प्रसंगीं दगावतें.

म्हणून आरंभ मुठीपासून करावा. नेहमीच्या आंबोणांत नवा पदार्थ मूठभर कालवावा; जनावर तें आवडीनें खाऊं लागलें कीं दर दोन-तीन दिवसांनीं तो थोडा वाढवावा व तितकाच जुना खुराक कमी करावा. मळी समभाग पाण्यांत कालवून कडब्याच्या कुट्टीवर शिंपडावी. तिच्या गोडीनें निकस वैरणही खपते. मात्र एकंदर खाद्याच्या दहाव्या हिश्श्याहून ती अधिक नसावी. सरावलेलें जनावर शेजारीं बांधल्यास नवखें त्याचें पाहून लवकर तोंड लावतें.

कित्येकदां नकार हा हट्ट नसून इशारा असतो. ओला चोथा उन्हाळ्यांत दोन-चार दिवसांतच नासून बुरशी धरतो. १९६० सालीं इंग्लंडांत बुरशीच्या भुईमुगाच्या पेंडीनें एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, व त्यावरून अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. हें विष दुधांतही उतरतें. शिजविल्यानें जात नाहीं. एरंडीची पेंड तर मुळांतच विषारी; ती खतासच वापरावी.

तेव्हां गुरानें नाकारलेलें खाद्य प्रथम आपण हुंगून व निरखून पाहावें. तें स्वच्छ असेल तर धीर धरावा. कुबट असेल तर टाकून द्यावें.