पाच हजारांत बसवा

काउंटरवर कॉम्प्युटरचं कॅबिनेट येतं ते चादरीत गुंडाळलेलंच. निळ्या चौकड्यांची चादर, वरून सुतळीचे दोन वेढे. बाप सुतळी तोडत नाही, गाठ सोडवत बसतो. मुलगी तेवढ्यात घाम पुसून घेते. कळव्याहून दादर, दादरहून ग्रँट रोड, सगळा प्रवास मालडब्यातून. दुकानात उभं राहायला जेमतेम चार माणसांची जागा आहे आणि त्यातली एक मी अडवलेली आहे. माझ्या लॅपटॉपचा चार्जर पोटमाळ्यावरून खाली येतोय, असं मला केव्हापासून सांगितलं जातंय.

"काय होतंय, काका?" काउंटरमागचा मुलगा विचारतो. पाठीशी स्क्रू-ड्रायव्हरची रांग, कानावर पेन्सिल.

"स्लो झालाय. बटण दाबून मी आंघोळीला जातो. बाहेर येतो तरी ते गोल-गोल फिरतंच असतं."

"केवढ्यात बसवायचंय?"

बाप मुलीकडे बघतो. "पाच हजारांत बसवा."

गल्ल्यावरचे शेठ मोबाइलमधून मान वर काढतात. "साहेब, चौदा सालचा माल आहे हा. किती ओढणार? त्यापेक्षा हे बघा." भिंतीशी काळ्या, बसक्या डब्यांची चळत लागली आहे. कंपन्यांच्या ऑफिसांतून भाडेकरार संपल्यावर बाहेर पडलेल्या मशिनी. इथं लॅमिंग्टन रोडवर हल्ली नव्यापेक्षा हाच माल जास्त हलताना दिसतो. वरची चळत साडेपंधरा हजारांची, खालची नऊ हजारांची. बापाची नजर नऊ हजारांवर अडकते. पाचाचे नऊ करायचे तर कुठून, याचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट चाललेला दिसतो.

"नऊवाली कितवी जनरेशन?" मुलगी विचारते.

"आयफाइव्ह आहे ना, एकदम फास्ट."

"हो, पण कितवी?"

शेठ स्टिकर वाचतात. सहावी.

"मग त्यातही विंडोज ११ बसणार नाही. आठवीपासून पुढे लागते. नऊ हजार घालून पुन्हा तिथंच."

शेठ हसतात. मनातून त्यांना पोरगी आवडलेली असावी, कारण नऊवाल्याचा विषय ते तिथंच सोडतात. मला विचाराल तर साडेपंधरावाला सौदा वाईट नाही. आठव्या पिढीचा सहा कोअरचा प्रोसेसर, आठ जीबी रॅम, एसएसडी. ज्याच्याकडे तेवढे पैसे आहेत त्यानं नवा असेंबल करण्याआधी याचा विचार जरूर करावा. पण 'नवाच घेऊन टाका' हा सल्ला देणाऱ्याच्या खिशाला कधीच चाट नसते, आणि इथं आकडा पाचच आहे.

मुलगा या चर्चेत नाही. त्यानं बाजूचं पान काढलंय. आत करड्या धुळीची गादी. पंख्याखालच्या पात्यांमध्ये तर ती नमद्यासारखी दाबून बसली आहे. कोपऱ्यात झुरळाच्या अंड्यांची दोन तपकिरी टरफलं. मुलगी तोंड वळवते. मुलगा कॅबिनेट उचलून फुटपाथवर नेतो आणि ब्लोअर लावतो. बाहेर सीसीटीव्हीच्या वायरींचा ढीग लावून बसलेला फेरीवाला एक शिवी हासडतो आणि सवयीनं ढिगावर प्लॅस्टिक ओढून घेतो.

आत आल्यावर मुलगा रॅमची पट्टी उपसतो. चार जीबी, डीडीआर३. खिशातून शाळकरी खोडरबर काढून पट्टीची सोनेरी दातरी घासतो, दोन्ही बाजूंनी, न घाई करता. रबराचा काळा चुरा फुंकून पट्टी परत बसवतो. प्रोसेसरवरची पेस्ट सुकून खडू झालेली; ती खरवडून मटाराएवढा नवा थेंब. मग मॉनिटरची वायर जोडून बटण.

आता सगळेच थांबतो. चहा येतो, कटिंग. माझ्याही हातात एक ग्लास येतो. कॉम्प्युटर अजून फिरतोय.

डेस्कटॉप आल्यावर मुलगा टास्क मॅनेजर उघडतो आणि स्क्रीन बापाकडे वळवतो. "हे बघा काका. प्रोसेसर आठ टक्के. म्हणजे तो रिकामा बसलाय. मेमरी ऐंशीच्या वर. आणि ही डिस्क."

डिस्कच्या रकान्यात १०० टक्के, लाल. खाली काही उघडलेलं नाही, तरी आकडा हलत नाही. कान दिला तर कॅबिनेटमधून बारीक टकटक ऐकू येते.

हार्ड डिस्कच्या आत तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. ऐकायला प्रचंड, पण एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून जास्त लागतात, आणि हवा तो तुकडा वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत प्रोसेसरला वाट बघावी लागते. विंडोज सुरू होताना लागणारे असे हजारो बारके तुकडे तबकडीभर विखुरलेले असतात. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, त्यामुळे ती वाट बघणंही नाही. म्हणून अकरा-बारा वर्षांच्या आयथ्रीलाही एसएसडी लावली की तो कामाला लागतो. लोक प्रोसेसरला नावं ठेवतात, गुन्हेगार बहुधा डिस्क असते.

मुलगा आणखी एक छोटा प्रोग्राम चालवतो. पिवळा चौकोन उगवतो. "बॅड सेक्टर पडायला लागलेत. डेटा काय आहे यात?"

इथं पहिल्यांदा बाप पुढे सरकतो. "मंडळाचे हिशेब आहेत."

तो चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार आहे. दहा वर्षांची वर्गणी, मांडववाल्याची बिलं, बक्षिसांच्या याद्या, सगळं डी ड्राइव्हमध्ये. दुसरी प्रत? "प्रिंट काढलेली आहे ना," तो म्हणतो. कुठल्या वर्षाची, ते सांगत नाही.

"मग आधी तेच." मुलगा हार्ड डिस्क काढून आपल्या टेबलावरच्या मशीनला लावतो. फोल्डर कॉपी होतं. मधे एका फाइलवर बराच वेळ अडखळून पुन्हा चालू लागतं. झाल्यावर खात्री करायला तो एक फाइल उघडतो आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं यांची खिचडी पसरते.

"गेलं?" बापाचा आवाज फाटतो.

"नाही हो. फॉन्ट नाही माझ्याकडे." जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फोल्डरात शिरून तो फॉन्टची फाइल शोधतो, उचलून टाकतो, डॉक्युमेंट बंद करून पुन्हा उघडतो. खोली क्र. ११, ५०१ रुपये. खोली क्र. १२, बाकी. बाप वाचता वाचता, "बाराचे अजून बाकीच आहेत," असं स्वतःशीच पुटपुटतो. युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टांत ज्यांनी मराठी टाइप केली त्या घराघरांत हा प्रकार आहे: फाइल सुखरूप, आणि फॉन्ट विसरला की वाचायची सोय नाही. मुलगी फॉन्टची फाइल पेनड्राइव्हवर वेगळी मागून घेते. सुट्टीत सगळं युनिकोडमध्ये आणते म्हणते.

"एसएसडी घाला, २५६ची," ती म्हणते. "आणि रॅम आठ करा. नवीन मदरबोर्ड नको."

"बरोबर. बोर्ड बदलला तर तुमचं विंडोजचं लायसन्सही गोत्यात येईल. ते बोर्डाला बांधलेलं असतं, डिस्कला नाही. आपण कोरं विंडोज टाकू, नेट लावलं की आपोआप ॲक्टिव्हेट होईल."

रॅमसाठी तो एका डब्यात हात घालतो. डब्यात जुन्या पट्ट्या पत्त्यांसारख्या उभ्या. डीडीआर३ कुणालाच नको असते म्हणून वापरलेली चार जीबीची पट्टी ४०० रुपयांत मिळते. नवीन रॅमचं विचारताच शेठ कपाळाला हात लावतात. २०२५च्या शेवटी भाव भडकले. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन बनवतात, आणि तिघांचाही ओढा एआयच्या डेटा सेंटरकडे. मायक्रॉननं तर त्या डिसेंबरात 'क्रुशल' हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. "सकाळचा रेट संध्याकाळी विचारू नका," शेठ म्हणतात.

"पण विंडोज १० बंद झालं ना?" हा बापाचा प्रश्न. कुणीतरी मंडळात सांगितलेलं दिसतंय.

"मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. वर एक वर्षाची सुरक्षेची मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. अकाउंटनं लॉगिन करून ती चालू करून देतो. त्यानंतर बँकेचं काही यावर करू नका. नाहीतर लिनक्स मिंट टाकू, फुकट आहे."

"टॅली चालेल त्यावर?"

"सरळ नाही चालणार."

मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे, कॉमर्स. टॅलीचा कोर्स चालू. ती आकडेमोड करते. परीक्षा एप्रिलमध्ये, नोकरी लागली तर पुढची मशीन तिच्या पगारातून. "सध्या विंडोजच राहू दे," ती म्हणते. बाप काही बोलत नाही. नोकरीचं ऐकून त्याची मान मात्र किंचित ताठ झाली आहे.

एसएसडी म्हणजे तळहाताएवढी, पोकळ वाटावी इतकी हलकी डबी. बाप ती उचलून वजन करतो आणि संशयानं मुलाकडे बघतो. मुलगा डीव्हीडी रायटरची वायर काढून तिला देतो. या बोर्डावर चारपैकी दोनच पोर्ट वेगवान, त्यामुळे वायरचं दुसरं टोकही जागा बदलतं. घड्याळ दर वेळी मागं जात होतं म्हणून बटणासारखा नवा सेल. मग पेनड्राइव्हवरून विंडोज. मधे माझा चार्जर खाली येतो, पण मी निघत नाही.

सगळं होऊन बटण दाबलं जातं आणि बाप सवयीनं स्टुलावर बसायला जातो. तो टेकायच्या आत डेस्कटॉप हजर.

"झालं?"

"झालं."

"पुन्हा करून दाखव."

मुलगा बंद करून पुन्हा चालू करतो. बाप या वेळी उभाच राहतो.

शेठ हिशेब मांडतात: एसएसडी २,६५०, रॅम ४००, सेल ३०, साफसफाई आणि विंडोज ७००. एकूण ३,७८०. "साडेतीन करा," बाप म्हणतो. "काका, रॅमचे भाव ऐकलेत ना?" "ही तर जुनी आहे!" ३,७००वर तुटतं. उरलेल्या तेराशेत एक पेनड्राइव्ह घ्यावा, मंडळाच्या हिशेबाची दुसरी प्रत ठेवायला, असं मुलगा सुचवतो. "मंडळाच्या खर्चातून घेऊ," बाप तत्काळ म्हणतो, "वेगळं बिल करा." जुनी हार्ड डिस्क तो मागून घेतो आणि रुमालात बांधतो.

बिलाच्या पावतीवर शेठ शिक्का मारायला जातात तोच मुलगी हात पुढे करते. "तीन वर्षांची वॉरंटी ना एसएसडीची? मग सिरियल नंबर लिहा त्यावर."

"अगं, खोक्यावर आहे तो."

"खोकं हरवतं, अंकल. पावतीवर लिहा."

शेठ चष्मा शोधतात, खोकं उजेडाकडे धरतात आणि एक एक अक्षर मोठ्यानं वाचत लिहू लागतात. ती मोबाइलवर फोटो काढून प्रत्येक अक्षर ताडून बघते.