टाळ्या वामनदादांना मिळाल्या, नोंद कोण ठेवणार?



एप्रिल महिना आला की चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, कुठल्याही तालुक्यातल्या बुद्धविहारासमोर उभे राहा, भीमगीत कानावर पडतेच. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याच्या लोकसंख्येत बौद्ध सुमारे १४ टक्के आहेत, म्हणजे दर सात माणसांमागे साधारण एक. या माणसांच्या घरात पुस्तक पोहोचण्याच्या कितीतरी आधी गाणे पोहोचले. अशी असंख्य गाणी लिहिणाऱ्या लोककवी वामनदादा कर्डकांची जन्मशताब्दी २०२२ मध्ये झाली. त्यांचे फोटो लागले, गीतांचे कार्यक्रम झाले. पण रसिकांनी त्यांना दिलेली दाद आणि समीक्षकांनी घेतलेली दखल यांत एवढे अंतर का राहिले? आणि या अंतराचा आजच्या तरुण कार्यकर्त्यांशी काय संबंध? हे प्रश्न आपण नीट समजून घ्यायला हवेत.

आधी एक गोंधळ दूर करू. नव्या मुलांना 'कर्डक' म्हटले की एकच माणूस आठवतो. प्रत्यक्षात दोघे आहेत. भीमराव कर्डक हे आधीच्या पिढीचे. बाबासाहेबांच्या हयातीत आंबेडकरी जलसे गावोगाव नेणारे जलसाकार. 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे त्यांचे पुस्तक आहे. वामनदादा हे त्यांच्यानंतरचे. जलशाचा वारसा घेऊन आंबेडकरी गीताला स्वतंत्र रूप देणारे कवी-गायक.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावचा. बालपणी शाळा मिळाली नाही. पोटासाठी मुंबईला आले, अंगमेहनतीची कामे केली, समता सैनिक दलात गेले. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईतच. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले, तेही एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर. तेव्हापासून १५ मे २००४ रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे सहा दशके, ते लिहीत आणि गात राहिले. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनचे' हे गीतसंग्रह आणि 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन त्यांच्या नावावर आहे. त्यांच्या गीतांची संख्या हजारोंत सांगितली जाते. यातली बरीच गाणी छापली गेली नाहीत, ती लोकांच्या वह्यांत आणि ओठांवर राहिली.

रसिकांची दाद कशी असते?

शहरातल्या सभागृहात दाद म्हणजे टाळ्या. आपल्या वस्तीत दादेचे प्रकार वेगळे आहेत. पहिला प्रकार म्हणजे बसून राहणे. दिवसभर शेतात राबलेला माणूस सतरंजीवर उजाडेपर्यंत बसतो, ही साधी गोष्ट नाही. दुसरा प्रकार म्हणजे बक्षीस. ऐकणारा उठतो, पाच-दहा रुपयांची नोट पेटीवर ठेवतो आणि माईकवरून त्याचे नाव पुकारले जाते. त्या नोटेची किंमत रोजच्या मजुरीशी लावून बघा, म्हणजे दाद किती मोठी आहे ते कळेल. तिसरा प्रकार म्हणजे वही. गाणे आवडले की ते उतरवून घ्यायचे. ज्याला लिहिता येत नाही तो शाळेत जाणाऱ्या पोराकडून उतरवून घेतो. चौथा प्रकार सर्वांत मोठा. गाणे आपलेच समजून गायचे. जात्यावर, बारशाला, लग्नात, जलदान विधीच्या रात्री.

पण या चौथ्या दादेतच कवीचे नुकसान दडलेले असते. गाणे सगळ्यांचे झाले की ते कोणाचे होते हे कोणी विचारत नाही. वामनदादा शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा गुंफत. ही संतांपासून चालत आलेली रीत आहे. छापखाना आणि प्रकाशक हाताशी नसलेल्या कवीची ती सहीच असते. आज रीलसाठी मुखडा आणि एक कडवे ठेवले जाते. सगळ्यात आधी कापले जाते ते शेवटचे कडवे, आणि त्याबरोबर कवीची सही जाते. कॅसेटच्या काळातही थोडेफार हेच झाले. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांचा आवाज घराघरात ओळखीचा झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण गीत लिहिले कोणी, हे वेष्टनावर वाचणारे थोडेच होते.

समीक्षकांनी काय पाहिले, काय नाही?

मराठी समीक्षेने दलित कवितेची दखल घेतली. दलित आत्मकथनांवर भरपूर लिहिले गेले. भीमगीताकडे मात्र 'प्रचारगीत' म्हणून पाहिले गेले. यामागे तीन आक्षेप होते.

पहिला आक्षेप चालीचा. सिनेमाच्या चालीवर रचलेले गाणे अस्सल कसे? याचे उत्तर गाण्याच्या उपयोगात आहे. चाल आधीच पाठ असली की ऐकणाऱ्याचे सगळे लक्ष शब्दांवर जाते. वाद्यवृंद लागत नाही, तालीम लागत नाही, दुसऱ्या दिवशी गाव ते गाणे गाऊ लागते. ही फक्त आपलीच पद्धत नाही. अमेरिकेत गिटार घेऊन मजूर-स्थलांतरितांची गाणी गाणारे वुडी गथ्री यांनी अनेक गाणी प्रचलित चालींवर बांधली. त्यांच्या आधी कामगार चळवळीतले जो हिल चर्चमधल्या भजनांच्या चालीवर कामगारांची गाणी रचत. त्यांना तिथे लोकसंगीताच्या इतिहासात मानाचे पान मिळाले.

दुसरा आक्षेप असा की गाणे म्हणजे साहित्य नव्हे. २०१६ मध्ये बॉब डिलन या गीतकार-गायकाला साहित्याचे नोबेल मिळाले तेव्हा जगभर याच प्रश्नावर वाद झाला. आपल्याकडे आंबेडकरी चळवळीने हा प्रश्न त्याच्या बऱ्याच आधी आपल्या परीने सोडवला होता. १९९३ मध्ये वर्धा येथे झालेल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वामनदादांना देण्यात आले. ज्याने शाळा पाहिली नाही, त्याला साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी बसवणे ही सुद्धा एक समीक्षाच होती.

तिसरा आक्षेप व्यक्तिपूजेचा. भीमगीतात बाबासाहेबांचे देव्हारे माजवले जातात, असे म्हणणारे आजही आहेत. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी २००८ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तल्या लेखात याला सविस्तर उत्तर दिले. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीवर विकल्या जाणाऱ्या पुस्तिका, तिथली गाणी यांना अंधभक्ती म्हणून झटकून टाकता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. जो समाज वर्तमानपत्रांच्या आणि विद्यापीठांच्या बाहेर ठेवला गेला, त्याने या पुस्तिका-गाण्यांतून स्वतःचे विचारपीठ उभे केले. वामनदादांच्या गीतांचे विषय पाहिले तरी हे पटते. उद्योगपतींच्या संपत्तीत कष्टकऱ्याचा वाटा कुठे आहे, हा त्यांचा प्रश्न. धम्म, शिक्षण, फुटलेले पुढारी, बाईचे कष्ट, हे सगळे त्यात आहे. ही आरती नाही, हा हिशेब आहे.

आपल्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करू. आपण कौतुक खूप करतो, चिकित्सा कमी. प्रत्येक भीमगीत सारखेच कसदार नसते. काही गाण्यांत नुसता जयजयकार असतो, काहींत बाबासाहेबांच्या चरित्रातले प्रसंग चुकीचे सांगितलेले असतात. आज डीजेवर वाजणाऱ्या काही गाण्यांत तर शब्दच ऐकू येत नाहीत. कवीचा आदर करायचा तर त्याचे शब्द तपासून वाचले पाहिजेत. 'आपले आहे म्हणून चांगले' असे म्हणणे हा त्याचा सन्मान नव्हे.

आता करायचे काय?

बुलढाणा जिल्ह्यातल्या वस्त्यांत काम करताना आम्हाला सत्तरी ओलांडलेले गायक, ढोलकीवाले, पेटीवाले भेटतात. त्यांच्या पेटीत, माळ्यावर जुन्या वह्या आहेत. काहींची पाने वाळवीने खाल्ली आहेत. हा माणूस गेला की घर आवरताना वही रद्दीत जाते. म्हणून चार कामे आपण आजच सुरू करू शकतो.

पहिले, नोंद. मोबाइलवर गाणे रेकॉर्ड करा, वहीच्या पानांचे फोटो काढा आणि सोबत पाच गोष्टी लिहा: गीत कोणाचे, गाणारे कोण, चाल कोणती, कोणाकडून शिकले, कोणत्या प्रसंगी गातात. आधी त्यांची परवानगी घ्या. वही मागून नेऊ नका, ती त्यांच्या घरीच राहू द्या आणि एक प्रत घरच्यांना द्या.

दुसरे, नाव. कार्यक्रमात गाण्याआधी कवीचे नाव सांगा, यूट्यूबवर टाकताना लिहा. ही फक्त सौजन्याची बाब नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५७ नुसार आपल्या रचनेला आपले नाव लागणे हा रचनाकाराचा हक्क आहे. भारतात गीतावरचा हक्क कवीच्या निधनानंतरही ६० वर्षे टिकतो. वामनदादांच्या गीतांना तो २०६४ अखेरपर्यंत आहे.

तिसरे, मोबदला. डीजेला हजारो रुपये मोजणारी जयंती समिती गायन पार्टीला 'समाजाचे काम आहे' म्हणून जेवणावर बोलावते. हे थांबले पाहिजे. वर्गणीच्या हिशेबात कलावंतांच्या मानधनाची रक्कम आधी लिहा, डीजेची नंतर.

चौथे, सरकारी मानधन. ५० वर्षांवरील गरजू साहित्यिक-कलावंतांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाची मानधन सन्मान योजना आहे. त्यात दरमहा ५,००० रुपये मिळतात आणि निवड जिल्हास्तरावरील समिती करते. अर्जाला कलेचे पुरावे लागतात आणि आपले कलावंत तिथेच अडतात. आयुष्यभर गायले, पण हातात ना पत्रिका, ना प्रमाणपत्र, ना कात्रण. तुम्ही केलेले रेकॉर्डिंग, जुन्या पत्रिका, विहार समितीचे पत्र त्यांच्या कामी येऊ शकते. अटी बदलत असतात, म्हणून अर्जाआधी पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेत चौकशी करून घ्या.

वामनदादांना रसिकांनी सहा दशके भरभरून दाद दिली. तरीही त्यांची किती गाणी कायमची हरवली, हे आज कोणालाच मोजता येणार नाही. आपल्या गावातल्या गायकाच्या बाबतीत ते मोजता येईल, कारण तो अजून आपल्यात आहे. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की त्यांना विचारा, "बाबा, तुमची वही आहे का?" आणि सोबत मोबाइल चार्ज करून न्या.

जयभीम. नमो बुद्धाय.