जहाजाचा गंज आणि यंत्रमानव

जहाज सुक्या गोदीत आले की आधी गंज व जुना रंग काढावा लागतो. नाहीतर नवा रंग टिकत नाही. हे काम कामगार परांचीवर चढून वाळूच्या माऱ्याने करीत. त्या धुळीने सिलिकोसिस जडतो आणि तो बरा होत नाही. आता चुंबकाने पोलादाला चिकटून चालणारा यंत्रमानव २,००० बारहून अधिक दाबाच्या पाण्याने रंग उडवतो. पाणी व मळ नळीतून लगेच ओढला जातो. कोपरे व अडचणीच्या जागा मात्र माणसाकडेच राहतात. गोदीत रोजी कमावणाऱ्या आपल्या कोकणी बांधवांना आम्ही सुचवतो : हे यंत्र चालवणे व दुरुस्त करणे शिकून घ्या. रोजी टिकेल, छातीही शाबूत राहील.