कपड्यातले कीटकनाशक : कवच की विष?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या सुमारास शेतकरी व शेतमजूर दगावले. उंच वाढलेल्या पिकातून चालताना औषध त्यांच्या अंगावर आणि कपड्यांवर पडत होते. याउलट अमेरिकी सैन्यात गणवेशावर मुद्दाम कीटकनाशक चढवण्याची पद्धत १९९० च्या दशकापासून रूढ आहे. कीटकनाशक लागलेला कपडा एकीकडे घातक आणि दुसरीकडे तारक, हे कसे?

याचे उत्तर रसायनात आहे. गणवेशासाठी वापरतात ते पर्मेथ्रिन. त्याचे मूळ शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम या वनस्पतीच्या फुलांत आहे. या फुलांची पूड कीटकांना मारते, हे पूर्वीपासून ठाऊक होते. पण तिच्यातील द्रव्ये उन्हात लवकर निकामी होतात. १९७३ साली इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे मायकेल इलियट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच धर्तीचे, पण उन्हात टिकणारे पर्मेथ्रिन तयार केले. डासांच्या कॉइलमधील द्रव्येही याच घराण्यातली.

कीटकाच्या मज्जातंतूंतून संदेश जातो तेव्हा तंतूच्या आवरणातील सोडियमची सूक्ष्म दारे क्षणभर उघडतात आणि मिटतात. पर्मेथ्रिन ही दारे मिटू देत नाही. संदेश थांबतच नाहीत, कीटक थरथरतो, लुळा पडतो आणि मरतो. आपल्या शरीरातही अशी दारे आहेत. पण कीटकांची दारे या द्रव्याला अधिक संवेदनशील असतात. शिवाय आपल्या त्वचेतून ते फारच थोडे आत शिरते आणि शिरलेले यकृत लवकर मोडून टाकते. म्हणूनच खरजेवर डॉक्टर ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम देऊ शकतात. कपड्यावर फवारायचे द्रावण तर अवघे ०.५ टक्के असते. फवारणीच्या विषबाधांत पुष्कळदा आढळणारी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषधे मात्र ओल्या कपड्यातून, त्वचेवाटे शरीरात सहज जातात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. अंगाला लावायचे 'डीट'सारखे द्रव्य बाष्परूपाने डासाला दूर ठेवते. कपड्यावरील पर्मेथ्रिन मुख्यतः स्पर्शाने काम करते. म्हणून ते गोचिडींवर विशेष गुणकारी ठरते. गोचीड उडत नाही. ती गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसते, जाणाऱ्याच्या कपड्याला चिकटते आणि चावण्याजोगी जागा शोधत वर चढू लागते. या प्रवासात पायांना पर्मेथ्रिन लागले की ती गळून पडते. डास मात्र उघड्या हातावर थेट बसतो. तेथे कपड्याचा उपयोग नाही. उघड्या त्वचेसाठी निराळे मलम हवेच.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात आढळलेला माकडताप गोचिडींमार्फत पसरतो. २०१६ पासून सिंधुदुर्गातही त्याचे रुग्ण आढळले. या तापाचा हंगाम आणि काजू गोळा करण्याचा हंगाम साधारण एकच. पालापाचोळ्यातून वावरणाऱ्या माणसाला अंगभर कपडे, मोज्यांत खोचलेली पँट आणि घरी आल्यावर अंग तपासून गरम पाण्याने आंघोळ, एवढ्यानेही बराच फरक पडतो. प्रक्रिया केलेला कपडा ही त्यावरची भर.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. शेतातल्या औषधाच्या बाटलीतून कपड्यावर काहीही ओतू नये. कपड्यांसाठी म्हणून तयार केलेलेच द्रावण घ्यावे. कपडा अंगात नसताना, उघड्या हवेत फवारावा आणि पूर्ण वाळल्यावरच घालावा. पर्मेथ्रिन माशांना अतिशय विषारी आहे, म्हणून असे कपडे ओढ्यात किंवा तळ्यात धुऊ नयेत. मांजराचे यकृत ते नीट मोडू शकत नाही, म्हणून ओल्या कपड्यापासून मांजर दूर ठेवावे. शिवाय एकाच घराण्यातील औषधे वर्षानुवर्षे वापरल्याने अनेक ठिकाणच्या डासांत प्रतिकारशक्ती आली आहे. त्यांच्या सोडियमच्या दारांची रचनाच थोडी बदलली आहे.

धुतल्यावरही हे द्रव्य कपड्यात कसे राहते? वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. सुती कापडाच्या एका तुकड्यावर साखरेच्या पाण्याचे आणि दुसऱ्यावर खाद्यतेलाचे चार थेंब टाका. दोन्ही वाळू द्या आणि साध्या पाण्यात खळबळून पुन्हा वाळवा. साखरेचा चिकटपणा जाईल, तेलाचा डाग राहील. आता तेलाचा तुकडा साबण लावून चोळा. डाग फिका होईल. पर्मेथ्रिनही पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, धाग्याला धरून राहते आणि धुण्यागणिक थोडे थोडे कमी होते. घरी फवारलेला कपडा पाच-सहा धुण्यांनंतर पुन्हा फवारावा लागतो, तो का, हे विद्यार्थ्यांना या प्रयोगावरून सांगता यावे.