‘गुन्हेगार’ हे नाम आणि गुन्ह्याच्या मानसशास्त्रीय उपपत्ती

एकदा नांगर धरला म्हणून कोणी शेतकरी होत नाही, किंवा एकदा गाणे म्हटले म्हणून कोणाला गवई म्हणत नाहीत. परंतु एकदा चोरी करणारा चोर ठरतो आणि एकदा खून करणारा जन्मभर खुनी राहतो. कर्तृवाचक नामे सामान्यतः सवय, व्यवसाय किंवा कौशल्य सुचवितात. अपकृत्यांच्या बाबतीत मात्र एकच कृती नाम चिकटण्यास पुरेशी होते. ‘गुन्हेगार’ हा शब्द याच वर्गातला. त्यातील ‘गार’ हा फारसी प्रत्यय ‘कामगार’, ‘मदतगार’ या शब्दांतही आढळतो आणि कर्त्याचे त्या कर्माशी असलेले नाते तो जणू कायमचे करून टाकतो. संस्कृत ‘अपराध’ या शब्दाचा रोख निराळा आहे. ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला अशा धनुर्धराला अमरकोशात ‘अपराद्धपृषत्क’ म्हटले आहे. तेथे दोष त्या एका बाणाचा आहे. पुढचा बाण नीट लागू शकतो.

व्युत्पत्तीवरून मानसशास्त्र सिद्ध होत नाही हे खरे. तथापि गुन्ह्याची मीमांसा करणाऱ्या बहुतेक उपपत्तींना याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले आहे : गुन्हा हा माणसाचा स्वभाव आहे, की त्याच्या आयुष्यातील घटना? जे उत्तर स्वीकारावे त्याप्रमाणे त्या माणसाला द्यावयाची वागणूकही ठरते, आणि म्हणून हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही.

स्वभाववादी उत्तराचा सर्वांत प्रसिद्ध पुरस्कर्ता म्हणजे इटालियन वैद्य चेझारे लोंब्रोझो. १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने गुन्हेगार हा मानवी उत्क्रांतीच्या मागच्या पायरीवर राहिलेला प्राणी होय, असे मत मांडले. कवटीची ठेवण, जबडा, कान यांवरून तो ओळखता येतो, असा त्याचा दावा होता. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग याने सुमारे ३,००० कैद्यांची मोजमापे घेऊन १९१३ साली दाखवून दिले की, असा वेगळा शारीरिक नमुना आढळत नाही. मात्र आनुवंशिकतेची कल्पना गोरिंगनेही सोडली नव्हती.

या विचाराचे जे फळ हिंदुस्थानात दिसले ते लोंब्रोझोच्या ग्रंथाहूनही पाच वर्षे जुने आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने व्यक्तीचा नव्हे, तर सबंध जमातीचा स्वभाव ठरवून टाकला. सुताराचा मुलगा सुतार, त्याप्रमाणे चोराचा मुलगा चोर, असा जातिव्यवस्थेवरून काढलेला ओढूनताणून आणलेला तर्क त्यामागे होता. प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू असलेला हा कायदा १९११ च्या दुरुस्तीनंतर मुंबई इलाख्यातही आला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड या जमातींची मोठी वसाहत उभी राहिली. हजेरी देणे आणि परवानगीवाचून बाहेर न जाणे हा तेथील जीवनाचा नियम झाला. येथे गुन्हा घडण्याची वाट पाहण्याचे कारणच उरले नव्हते, कारण नाम अगोदरच मिळालेले होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या जाऊ लागल्या. परंतु १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसंबंधी कायदा केला. त्याचा रोख जमातीवरून व्यक्तीकडे वळला हे खरे, तरी जुना संशय नव्या शब्दाच्या आश्रयाने टिकू शकतो, हे पुढच्या काळात वारंवार दिसून आले. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनाचे नावच या दृष्टीने बोलके आहे. तेथे जमातीचे नाव आणि आरोप यांत अंतरच राहिलेले नाही.

दुसऱ्या प्रकारच्या उपपत्तींनी गुन्ह्याचे मूळ देहात न शोधता मनाच्या इतिहासात शोधले. फ्रॉइडने १९१६ साली असे निरीक्षण मांडले की, काही माणसांत अपराधाची भावना गुन्ह्यानंतर नव्हे, तर गुन्ह्यापूर्वीच असते. तिला काही तरी दृश्य कारण मिळावे म्हणून कृत्य घडते. त्याचा अनुयायी आउगुस्ट आइखहोर्न याने पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाजवळील संस्थेत सर्वांत आक्रमक मुलांचा एक गट वेगळा ठेवला आणि त्यांच्या दांडगाईला शिक्षेने उत्तर द्यावयाचे नाही, असे ठरविले. मुलांनी सामानाची मोडतोड केली. पण अपेक्षित मार मिळेना, तेव्हा हळूहळू त्यांचे वर्तन बदलू लागले. जॉन बोल्बी याने १९४४ साली लंडनमधील ४४ बालचोरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील १४ मुले त्याला मायाशून्य वाटली आणि त्या १४ पैकी १२ मुलांची लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झालेली होती. उरलेल्या ३० मुलांत असे प्रकार केवळ ५ होते. हा नमुना लहान होता, माहिती मागाहून गोळा केलेली होती आणि ताटातुटीपेक्षा घरातील कलह अधिक घातक असतो, असे मायकेल रटर याने १९७२ मध्ये दाखविले. तरीही या परंपरेने एक गोष्ट साधली. ‘हा कसा आहे?’ या प्रश्नाऐवजी ‘याचे काय झाले?’ हा प्रश्न तिने पुढे आणला.

तिसरी दिशा एडविन सदरलंड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाची. त्याने १९३९ मध्ये मांडलेल्या आणि १९४७ मध्ये पूर्ण केलेल्या उपपत्तीनुसार गुन्हा हा निकटच्या माणसांच्या सहवासात शिकला जातो. कृतीच्या क्लृप्त्या जशा शिकल्या जातात, तसेच तिचे समर्थनही. भाषेच्या अभ्यासकाला ही कल्पना परकी वाटू नये. मूल जी बोली ऐकते ती बोलते, आणि त्यासाठी त्याच्या कवटीचा विशिष्ट आकार लागत नाही.

या समर्थनांचे वर्गीकरण ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा यांनी १९५७ साली केले. त्यांनी सांगितलेले पाचही प्रकार मराठीत रोज कानी पडतात : ‘माझा नाइलाज होता’, ‘त्यात त्याचे काय एवढे बिघडले?’, ‘तो त्याच लायकीचा होता’, ‘तुम्ही तरी कोठे धुतल्या तांदळासारखे आहात?’, आणि ‘दोस्तासाठी करावे लागले’. साइक्स आणि मॅट्झा यांचे म्हणणे असे की, गुन्हा करणारा समाजाची मूल्ये मुळात नाकारीत नाही. नाकारीत असता तर त्याला सबबीची गरजच पडली नसती. ही वाक्ये कृत्यानंतरचे बहाणे नव्हेत. कृत्यापूर्वी मनाचा अडसर दूर करण्याचे काम ती करतात.

याच ठिकाणी उपचाराचा एक कठीण प्रश्न उभा राहतो. ‘मी मारले’ आणि ‘माझ्या हातून घडले’ या दोन वाक्यांत मराठी माणसाला फरक जाणवतो. दुसऱ्या वाक्यात कर्ता जवळजवळ साधन बनतो. अनेक सुधारकार्यक्रमांचा आग्रह पहिल्या वाक्याचा असतो : कैद्याने सबब सोडून जबाबदारी घ्यावी. परंतु शॅड मरूना याने लिव्हरपूल येथील माजी गुन्हेगारांच्या आत्मकथनांचा जो अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातून वेगळे चित्र पुढे आले. गुन्ह्यापासून दूर झालेली माणसे पुष्कळदा असे सांगत की, आपण मुळात चांगले होतो, परिस्थितीने ते घडविले. पुढचे आयुष्य मात्र आपल्या हाती आहे. गुन्ह्यातच राहिलेल्यांच्या कथनात उलट स्वतःचे भवितव्य ठरून गेल्याची भावना होती. म्हणजे भूतकाळाविषयीची सबब आणि भविष्याविषयीची जबाबदारी या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्या लागतात. पहिली काढून घेण्याच्या उत्साहात दुसरीचा आधार मोडला जाण्याचा संभव असतो. अर्थात ज्याला इजा झाली त्याच्या दृष्टीने ‘माझ्या हातून घडले’ हे वाक्य अपुरेच राहते, आणि उपचाराच्या विचारात त्याचा विसर पडणे न्याय्य नव्हे.

उपचाराचा उपयोग होतो का, याविषयीचे मतही स्थिर राहिलेले नाही. रॉबर्ट मार्टिन्सन याने १९७४ मध्ये २३१ अभ्यासांच्या परीक्षणावर आधारलेला लेख लिहिला. ‘कशाचाच उपयोग नाही’ असा त्याचा अर्थ घेतला गेला. १९७९ मध्ये त्याने स्वतःच ते मत सौम्य केले, पण तोवर शिक्षेच्या कैवाऱ्यांना हवे ते मिळाले होते. १९९० मध्ये कॅनडातील अँड्रूज, बोंटा आणि होग यांनी तीन तत्त्वे मांडली : पुन्हा गुन्हा घडण्याची जोखीम जास्त तेथे प्रयत्न जास्त असावा, संगत, व्यसन, बेकारी, विचारांची सवय अशा बदलता येण्याजोग्या कारणांवर तो केंद्रित असावा, आणि त्या माणसाला झेपेल अशा रीतीने शिकवावे. या तत्त्वांनुसार चालणाऱ्या कार्यक्रमांचा परिणाम माफक, परंतु खरा आढळतो. कमी जोखमीच्या माणसाला निर्ढावलेल्यांबरोबर ठेवल्यास अपाय होतो, ही गोष्टही त्यातून पुढे आली.

महाराष्ट्राला या विचाराचे एक उदाहरण फार पूर्वीपासून परिचित आहे. आटपाडीजवळील स्वतंत्रपूर ही मुक्त वसाहत औंध संस्थानात १९३९ मध्ये सुरू झाली. तेथे शिक्षा भोगणारे कैदी कुटुंबासह राहतात आणि शेती करतात. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाची प्रेरणा हीच. अशा वसाहतींसाठी कैदी निवडून घेतलेले असल्यामुळे तेथील यशाचे श्रेय सर्वस्वी मोकळ्या वातावरणाला देता येत नाही, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे. तथापि बंदिवानाला बाप, शेजारी आणि शेतकरी ही नामे परत मिळतात, हा लाभ लहान नाही.

कायद्यानेही नामाचे सामर्थ्य ओळखलेले दिसते. १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाच्या बाराव्या कलमानुसार परिवीक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. १९८६ च्या कायद्यातील ‘अपचारी’ बालक पुढे ‘विधिसंघर्षग्रस्त’ झाले, आणि २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने तर कलंक लावणारी भाषा टाळणे हे तत्त्व म्हणूनच नोंदविले. त्याच अधिनियमाने १६ ते १८ वर्षांच्या मुलावर निर्घृण अपराधाबद्दल, प्राथमिक मूल्यमापनानंतर, प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची वाटही मोकळी केली. स्वभाव की घटना, या वादाची दोन्ही उत्तरे अशी एकाच अधिनियमात शेजारी शेजारी नांदत आहेत.

शब्द बदलल्याने माणूस सुधारत नाही, आणि ‘विधिसंघर्षग्रस्त’ हा शब्दही बातमीदाराच्या लेखणीत लवकरच जुन्या शब्दाचा अर्थ धारण करू शकतो. परंतु फिर्याद, जबानी, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल आणि निकालपत्र यांत एकाच माणसाचे वर्णन कोठे क्रियापदाने होते आणि कोठे नामाने, हे पाहणे शक्य आहे. मराठीतील अशा कागदपत्रांचा त्या दृष्टीने अभ्यास झाल्यास, क्रियापद कोणत्या टप्प्यावर नामाला जागा देते हे कळेल. आणि सुधाराची वाट जेथे अरुंद होऊ लागते ते ठिकाणही बहुधा तेथेच सापडेल.