हळदीने भागत नाही

कवी माणसाला गाडीतले काय कळते, असे तुम्ही म्हणाल. पण ऐका. अब्बांच्या प्रीमियर पद्मिनीने कसारा घाटात वाफ सोडली, तेव्हा एका ट्रकवाल्याने रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायला सांगितली. गळती थांबली, आम्ही घरी पोचलो. महिन्याभरात इंजिन पुन्हा तापू लागले. मिस्त्रींनी वरची टाकी उकलून दाखवली, तर बारीक नळ्या पिवळ्या लगद्याने तुंबलेल्या! पाणीच फिरेना, तर उष्णता बाहेर जाणार कशी? इंजिन फार तापले की हेड वाकते, आणि तो खर्च भलताच मोठा.

हळदीने वेळ मारून नेता येते, एवढेच. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर उतरवून, नळ्या साफ करून डाग देता येतो. नव्या गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असतात. तिथे साधा डाग धरत नाही, बहुधा तो बदलावाच लागतो. त्याआधी होजची क्लिप मात्र पाहा, पुष्कळदा गळती तिथेच असते.

आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका, निदान अर्धा तास थांबा. आत दाब असतो, उकळते पाणी उसळून अंगावर येते. त्या दिवशी घाटात अब्बांनी घाई केली. मनगटावरचा व्रण शेवटपर्यंत राहिला.