पदवीनंतरही उघडे राहणारे दार

कॅलिफोर्नियातले सॅन होजे १९९२ पासून पुण्याचे भगिनी-शहर आहे. या शहराच्या मध्यवस्तीत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर ग्रंथालयाची आठ मजली इमारत उभी आहे. शहराचे मुख्य सार्वजनिक ग्रंथालय तेच आणि सॅन होजे स्टेट विद्यापीठाचे ग्रंथालयही तेच. विद्यापीठाचा विद्यार्थी आणि नातवाला गोष्टीचे पुस्तक घ्यायला आलेली आजी एकाच दाराने आत येतात.

१९९७ मध्ये महापौर सुझन हॅमर आणि विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट कॅरेट यांनी ही कल्पना मांडली. जागेची अडचण दोघांनाही होती. शहर, राज्याची विद्यापीठ व्यवस्था आणि देणगीदार यांनी मिळून सुमारे १७ कोटी ७५ लाख डॉलर उभे केले. विरोधही झाला. संशोधनाची पुस्तके गावभर गेली तर ऐन वेळी मिळणार नाहीत, या काळजीने प्राध्यापकांनी आपले ग्रंथालय वाचवण्यासाठी मोहीम उघडली. ही काळजी रास्त होती आणि तिचे उत्तर व्यवस्थेच्या तपशिलांतून द्यावे लागले. पुस्तकांची मालकी ज्याची त्याच्याकडे राहिली. विद्यापीठाचे ग्रंथ लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वर्गीकरण पद्धतीने लागले, शहराचे ड्युईच्या. कर्मचाऱ्यांचे पगारही दोन वेगळ्या तिजोऱ्यांतून होत राहिले. वाचकाला मात्र दोन्हीकडची पुस्तके घरी नेता येऊ लागली. १ ऑगस्ट २००३ रोजी ग्रंथालय उघडले आणि पुढच्याच वर्षी ‘लायब्ररी जर्नल’ने त्याला वर्षातले सर्वोत्तम ग्रंथालय म्हणून गौरवले.

या प्रयोगाचे खरे मोल पदवीदानानंतर कळते. विद्यापीठाचे ओळखपत्र संपले, तरी त्या शहरात राहणारा माजी विद्यार्थी शहराचे कार्ड घेऊन त्याच इमारतीत येत राहतो. वाचनाची सवय तुटायला निमित्तच उरत नाही.

आपल्याकडे ती नेमकी इथेच तुटते. महाविद्यालय सोडताना ‘काही येणे नाही’ असा ग्रंथपालाचा दाखला घ्यावा लागतो आणि त्या दाखल्याबरोबर पुस्तकांशी असलेला संबंधही संपतो. वास्तविक सार्वजनिक वाचनालयांची आपली परंपरा मोठी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८चे. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानंतर ही चळवळ खेड्यांपर्यंत पोहोचली. अ, ब, क, ड अशा वर्गांतली हजारो वाचनालये आज शासनमान्य आहेत. तालुक्याच्या गावी महाविद्यालय आणि वाचनालय यांच्यात बहुधा चालत जाण्याइतकेच अंतर असते.

अडचण लहान आहे, पण विद्यार्थ्याला ती मोठी वाटते. सभासद व्हायचे तर अनामत, वर्गणी, पत्त्याचा पुरावा आणि कधी स्थानिक ओळखही लागते. परगावाहून येऊन खोली करून राहणाऱ्या मुलीने यातले काय काय आणायचे? स्पर्धा परीक्षेसाठी तीच मुलगी अभ्यासिकेत रोज बसते, पण तिथे ती स्वतःचीच पुस्तके वाचते. शेजारच्या कपाटातल्या कादंबऱ्या आणि चरित्रे तिच्यासाठी परकीच राहतात.

आठ मजली इमारतीवाचूनही यावर इलाज होऊ शकतो. महाविद्यालयाने विद्यार्थ्याची हमी घ्यावी आणि वाचनालयाने त्याच्या ओळखपत्रावर सभासदत्व द्यावे. प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या आठवड्यात वाचनालयाचे टेबल महाविद्यालयाच्या आवारात लागावे आणि अर्ज जागेवरच भरून घ्यावेत. जुनी नियतकालिके आणि दुर्मीळ ग्रंथ यांची सूची करण्याचे काम राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलांकडे द्यावे. शंभर वर्षांपूर्वीचा अंक ज्याने स्वतःच्या हाताने नोंदवला, त्याला ते वाचनालय आपले वाटू लागते. आणि शेवटच्या वर्षी, ‘काही येणे नाही’चा दाखला देतानाच, विद्यार्थ्याचे सभासदत्व त्याच्या गावच्या वाचनालयात वर्ग करण्याचा अर्ज पुढे ठेवावा.

यासाठी नवा कायदा नको, मोठा निधीही नको. प्राचार्य, महाविद्यालयाचे ग्रंथपाल आणि वाचनालयाचे कार्यवाह यांनी एकत्र बसून एका पानाचा करार करावा. सॅन होजेला तो प्रदीर्घ वाटाघाटींनंतर साधला, कारण तिथे दोन मोठ्या संस्था एका छपराखाली आणायच्या होत्या. आपल्याला फक्त एका रस्त्यावरच्या दोन संस्थांची ओळख करून द्यायची आहे. पुढच्या जूनमध्ये प्रवेश सुरू होण्याआधी ती व्हायला हवी.